राष्ट्राध्यक्षाच्या खापरपणजीला लावलेली हळद

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शेंगदाणे खाणं. कबरस्तानातल्या बाकड्यावर बसून. सोमवारची दुपार होती, तीन वाजून गेले होते. दाणे बायकोनं सकाळी कढईत मिठाचं पाणी मारून भाजले होते. ती मूठभर घ्यायची, तळहातावर चोळायची, साली फुंकायची आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवायची. आमचं भांडण चालू होतं. दोन दिवस चालू होतं. तरी दाणे सोलून द्यायचं तिनं बंद केलं नाही, आणि घ्यायचं मी बंद केलं नाही.

पुडी संपल्यावर ती म्हणाली, "उद्या दहा वाजता मीटिंग आहे. तुम्ही येणार, का मी एकटी जाऊ?"

मी म्हणालो, "उद्याचं उद्या बघू."

ती त्याच संध्याकाळी गेली.

मला लिहायची सवय नाही. सातवी शिकलो, आणि मग चाळीस वर्षं सांगली-मिरजेत लोकांच्या घरच्या लाद्या पॉलिश केल्या. मशीन खांद्यावर टाकून सायकलवरून जायचो तिथपासून टेम्पो घेईपर्यंत. त्यातून एक पोरगा शिकला आणि इकडं अमेरिकेत आला. आई-बाप म्हातारे झाले म्हणून त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. आम्ही राहतो ते गाव श्रूजबरीला लागून आहे. पोरगा आणि सून सकाळी आठला आपापल्या गाड्या काढून जातात, ती सहाला येतात. मधले दहा तास आमचे.

घरातून निघून पायी जाता येईल अशी एकच जागा, ती म्हणजे जुनं कबरस्तान. तिथपर्यंत फूटपाथ आहे. शेजारी लायब्ररी आहे. बाकी कुठंही जायचं तर गाडी लागते, आणि ती आम्हा दोघांनाही येत नाही.

पहिल्यांदा तिनं तिथं बसू म्हटलं तेव्हा मी म्हणालो, "मढ्यांच्यात कशाला बसायचं?"

"जिवंत माणसं तरी कुठं थांबतात आपल्याशी बोलायला," ती म्हणाली. "ही निदान घाईत नाहीत."

मग रोजच जायला लागलो. फाटकाजवळ एक मोठी पाटी आहे, तिच्यापुढं कधीमधी गाड्या थांबायच्या आणि लोक फोटो काढायचे. कशाचे ते आम्हाला कळेना. एका रविवारी सुनेला बरोबर नेलं आणि वाचायला लावलं. ती वाचत गेली आणि आम्हाला सांगत गेली.

या देशाचा एक राष्ट्राध्यक्ष होऊन गेला, त्याचं घराणं मूळ या गावचं. पहिला माणूस जहाजातून आला, जोडे शिवायचा. त्याच्या पोरानं जंगल तोडून शेत केलं. त्याच्या नातवानं ओढ्यावर पिठाची चक्की घातली. असं करत करत पिढ्या उतरत आल्या, कोणी चर्च बांधलं, कोणी लढाईवर गेला, आणि शेवटी एक जण हे गाव सोडून पश्चिमेकडं गेला, त्याच्या वंशात हा राष्ट्राध्यक्ष. पाटीवर झाडासारखं चित्र होतं, फांदीफांदीवर नावं.

"बघा," बायको मला म्हणाली. "जोडे शिवणाऱ्याचा वंश कुठं पोचला. तुम्ही लाद्या घासून पोराला अमेरिकेत धाडलं म्हणून आभाळाला हात लागल्यासारखे फिरता."

मी म्हणालो, "त्याला दोन-तीनशे वर्षं लागली. मी एकट्यानं केलं."

सून हसली. मी मात्र त्या पाटीकडं बघत राहिलो. मला माझा पणजा माहीत आहे, तोही श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात म्हणून. त्याच्या मागं सगळा अंधार. पणजीचं नाव गुरुजींनी विचारलं की मी गप्प. आमचे गुरुजी म्हणायचे, नसेल माहीत तर एखाद्या नदीचं घ्या. तसं नदीचं घेत आलो.

पाटीवरही बायका कमीच होत्या. चक्कीवाल्याच्या नातवाबद्दल, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या खापरपणज्याबद्दल, चांगला मोठा मजकूर होता. त्यानं काय काय केलं, कुठं कुठं मान मिळाला. त्याच्या बायकांबद्दल एक ओळ. सुनेनं ती सांगितली. त्याच्या तीन बायका. दुसरीला मूल झालं नाही, तिसरीची लहानपणीच गेली. पहिली बत्तिसाव्या वर्षी वारली, तिला एक मुलगा. त्या एका मुलावरून पुढचं सगळं घराणं.

"आणि हा?" बायकोनं विचारलं.

"हा ऐंशी वर्षं जगला, आई."

त्याचा दगड पुरुषभर उंच, ग्रॅनाइटचा, नंतर कधीतरी वंशजांनी नवा बसवलेला. त्याच्यापुढं कुंडीत फुलं. तिचा दगड बाजूला, गुडघ्याएवढा, पांढऱ्या संगमरवराचा. मी हात लावून बघितला. माल मुळात चांगला होता, पण पावसाबर्फानं साखरेसारखा भुरभुरायला लागला होता. अक्षरं उथळ झालेली. माझ्या हातात असता तर मी त्याला मशीन लावलं नसतं, पाण्यानं नुसता पुसला असता.

बायको त्या लहान दगडापाशी वाकली. मग म्हणाली, "म्हणजे मूळ हिच्या पोटी, आणि फुलं त्याला."

त्या दिवसापासून ती त्या बाईची झाली. येताना बाटलीतून पाणी आणायची, दगडाच्या बुडाशी घालायची. गवत उपटायची. आमचं बाकडं बरोबर समोर होतं. बोलताना मध्येच तिच्याकडं हात करून म्हणायची, "विचारा हिला, नवरे सगळे सारखेच."

तिथं गवत कापायला एक माणूस यायचा. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान असेल. तोही परदेशातूनच आलेला, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी देशातून; त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच. आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. मी माझे तळहात दाखवायचो, तो त्याचे. घट्टे बघितले की कामगार कामगाराला ओळखतो. बायको थर्मासमधून चहा न्यायची, त्यातला एक कप त्याचा. तो तिला "ममा" म्हणायचा. तिला ते आवडायचं, पण म्हणायची, "एवढा घोडा झालाय आणि मला ममा म्हणतो."

आता हळदीचं सांगतो.

पितृपक्षात नवमी येते ती अहेव गेलेल्या बायकांची. म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या. माझी आई तशी गेली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आमच्या लग्नापासून बायको दर वर्षी त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. सासू तिनं कधी बघितली नाही, पण एक वर्ष चुकवलं नाही. इथं आल्यावरही श्रूजबरीतल्या ओळखीच्या कुणाला तरी बोलवायची. यंदा नवमी बुधवारी आली. तिनं तीन ठिकाणी फोन केला. तिन्हीकडून एकच उत्तर, "काकू, ऑफिस आहे हो. वीकेंडला ठेवा ना, नक्की येते."

फोन ठेवून ती म्हणाली, "तिथी काय वीकेंडला सरकते?"

खीर झाली होती, पुरण झालं होतं. अकरा वाजता तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चला. ती आहे की. अहेव गेली आहे, आणि दोनशे वर्षांत तिला कुणी एक बोट हळद लावलेली नाही."

मी हसलो. पण गेलो. तिनं दगड पुसला. ओल्या बोटानं हळद लावली, भरपूर, पाचही बोटं ओढून, मग कुंकू. खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. गवत कापणाऱ्यानं मशीन बंद केलं आणि लांबवर टोपी काढून उभा राहिला. तिनं खिरीची वाटी दगडापुढं ठेवून हात जोडले, आणि मग ती वाटी त्याला दिली. त्यानं चाटूनपुसून खाल्ली. निघताना खण आणि नारळही त्यालाच दिला. म्हणाली, बायकोला दे. तो काय समजला कुणास ठाऊक, पण त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

चूक माझी. चाळीस वर्षं दगडात काढलेला माणूस मी. पांढरा संगमरवर रंग पितो हे मला माहीत होतं, आणि हा तर जुना, उघडा पडलेला. पाणी लागलेली हळद त्यात मुरणार, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढं माझी आई होती. मला बरं वाटत होतं.

दोन आठवडे काही झालं नाही. दगडावर पिवळी बोटं दिसायची. झाडाची सावली होती, नाहीतर उन्हानं हळद उडून गेली असती. ऑक्टोबरात घराण्यातले लोक येतात, दर वर्षी, मोठ्या दगडापाशी फोटो काढायला. त्याच्या आधी गावातली इतिहासाची मंडळी सगळं साफसूफ करायला सांगतात. गवत कापणाऱ्यानं ते पिवळे डाग बघितले आणि साबणाचं पाणी मारलं.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याला माहीत नव्हतं. दगड रक्तासारखा लाल झाला, ओघळ बुडापर्यंत गेले. तो घाबरला आणि त्यानं तारेचा ब्रश घेतला. लाल तर गेलंच नाही, अक्षरं गेली. दोन ओळी पार गेल्या.

शनिवारी आम्ही गेलो तर दगडावर निळी ताडपत्री बांधलेली, आणि तो फाटकाशी उभा. मशीन नाही, हातमोजे नाहीत. त्यानं आम्हाला बोटांनी, तुटक इंग्रजीनं सगळं सांगितलं. मंडळी म्हणाली, तू रंग सांडलास आणि लपवायला दगड खरवडलास. काम बंद. मंगळवारी दहा वाजता लायब्ररीत मीटिंग, तिथं ठरणार. "आय फिनिश," तो म्हणाला आणि गळ्यावरून बोट फिरवलं. हसतहसत फिरवलं, पण तोंड हसत नव्हतं.

बायकोनं स्वतःच्या छातीला हात लावून विचारलं, "माझं सांगितलंस?"

त्यानं मान हलवली. नाही. मग ओठांवर बोट ठेवलं, आणि हाताची वाटी करून चाटल्यासारखं केलं. खिरीचं म्हणत होता.

ती तिथंच फाटकाच्या पायरीवर खाली बसली.

घरी आल्यावर तिनं पोराला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मंगळवारी मला घेऊन चल. मी सांगते, हळद मी लावली."

पोराचा चेहरा उतरला. "आई, तुला कळतंय का काय बोलतेयस? प्रेसिडेंटच्या फॅमिलीची ग्रेव्ह आहे ती. लोकल न्यूजमध्ये येईल. इंडियन कपलनं हे केलं म्हणून. आपली सिटिझनशिपची ॲप्लिकेशन पेंडिंग आहे."

"मग त्या माणसाचं?"

"त्यानं वायर ब्रश मारला ना? तो तू मारला नाहीस."

सून म्हणाली, "आई, तुमचा हेतू चांगलाच होता. पण हे एक्सप्लेन कसं करणार त्यांना?"

"एक्सप्लेन काय करायचंय त्यात? हळद लावली. साबणानं लाल होते. संपलं."

"आई, प्लीज," पोरगा म्हणाला. "ड्रॉप कर ना विषय."

ती माझ्याकडं वळली. आयुष्यभर कामाच्या ठिकाणी मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, हे तिला माहीत होतं. एकदा एका बंगल्यात माझ्या हाताखालच्या गड्यावर चोरीचा आळ आला, तर मी अर्धं काम टाकून मशीन उचललं होतं. तिला वाटलं, मी बोलेन.

मी बोललो. म्हणालो, "त्या मेलेल्या बाईपायी पोराचं घर उठवू नकोस."

ती उठली. भांडी घासायला गेली. बऱ्याच वेळानं नळ बंद करून म्हणाली, "त्याचं घर नाही का?"

हे आमचं भांडण. रविवारी दिवसभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सोमवारी दाणे भाजले, पुडी बांधली आणि म्हणाली, "चला." बाकड्यावर बसलो. समोर ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. बाजूच्या उंच दगडापाशी नवीन फुलं आणून ठेवलेली होती. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं. तिनं विचारलं आणि मी उद्यावर टाकलं. खरं तर मला जायचंच नव्हतं. मी ठरवलं होतं, मंगळवारी सकाळी काहीतरी निमित्त काढायचं. पाय दुखतो म्हणायचं. दहा वाजून गेले की आपोआप मिटेल.

घरी आलो. तिनं चहा टाकला. म्हणाली, पाठ भरून आलीय. मी म्हणालो, रोज खाली वाकून गवत कशाला उपटतेस? ती सोफ्यावर बसली, कप तिच्या हातात होता. कप कलंडला तेव्हा मला वाटलं डोळा लागला. मी ओरडलोसुद्धा, "अगं, गालिच्यावर!" ते माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. पोराला फोन केला, त्यानं ॲम्ब्युलन्स पाठवली. दवाखान्यात मला खुर्ची दिली. डॉक्टरबाई बाहेर आली आणि पोराशी बोलली. मला इंग्रजी कळायची गरज पडली नाही, पोराचे खांदे बघितले.

सकाळी घर भरलं. श्रूजबरीची माणसं आली, तिच्या ओळखीच्या बायका आल्या. नवमीला ज्यांना ऑफिस होतं त्याही आल्या, ऑफिस सोडून. मी त्यांना दोष देत नाही, माणसं चांगली आहेत, कुणी पोहे आणले, कुणी चहाचं बघितलं. ती घरात नव्हती. इथं माणूस घरी आणत नाहीत, फ्युनरल होममध्येच ठेवतात. पोरगा आतल्या खोलीत फोनवर होता, अंत्यविधीला गुरुवार मिळतोय का शुक्रवार, ते विचारत होता.

एक वयस्कर काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "भरल्या कपाळानं गेल्या हो. एवढं भाग्य कुणाला मिळतं? अहेव मरण."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. खरंय, खरंय.

मी म्हणालो, "भाग्यवान असती तर जिवंत असती."

मला माहीत आहे मी वाईट बोललो. पण मी पन्नास वर्षं हे ऐकत आलोय, माझ्या आईच्या वेळीही ऐकलं, आणि मीही बोललोय. त्या बत्तीस वर्षांच्या बाईला आम्ही भाग्यवान म्हणूनच हळद लावली. तिचं लेकरू मागं राहिलं, नवऱ्यानं आणखी दोन केल्या, आणि आम्ही म्हणालो, भाग्यवान.

घड्याळात साडेनऊ झाले होते.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मसाल्याचा डबा उघडला. हळदीच्या वाटीत तिचा लहान चमचा होता. एका पिशवीत दोन चमचे हळद घेतली. मोरीतली कपडे धुवायची साबणाची वडी घेतली. जोडे घातले. दारात सुनेनं विचारलं, "बाबा, कुठं?"

"फिरून येतो."

तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. आतल्या खोलीचं दार तिनं हळूच ओढून घेतलं, पोराला मी दिसू नये म्हणून. मग कपाटातून माझा कोट काढून दिला.

रस्ताभर पानं पडलेली होती. मी भराभर चाललो. मनात ठरवत होतो की हळद मी लावली म्हणून सांगायचं. तिला कशाला मध्ये घ्यायचं आता? गेलेल्या माणसावर बोट कशाला? मग वाटलं, ती असती तर असं खोटं बोलायला निघाली नसती. लायब्ररीच्या दारापर्यंत माझं काही ठरलं नव्हतं.

मागच्या खोलीत लांब टेबल होतं. पाच जण बसलेले, दोन बायका, तीन पुरुष, सगळे माझ्या वयाचे, पुढ्यात कॉफी. गवत कापणारा भिंतीकडच्या खुर्चीवर होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, टोपी मांडीवर. मी आत आलो तसा तो अर्धा उठला. आणि त्यानं माझ्या मागं दाराकडं बघितलं.

ती येईल म्हणून बघत होता.

मी टेबलाकडं गेलो. पांढऱ्या केसांची एक बाई मध्ये बसली होती, चष्म्याला दोरी. तिनं काहीतरी विचारलं, बहुतेक मी कोण. मी उत्तर दिलं नाही, दिलं असतं तर माझं इंग्रजी तिथंच संपलं असतं. मी त्यांचा एक पांढरा रुमाल, कागदाचा, ओढून घेतला. त्यावर हळद टाकली. त्यांच्या पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवली आणि चोळली, जशी तिनं ओढली होती तशी पाच बोटं. रुमाल पिवळा झाला. मग वडी ओली केली आणि त्या पिवळ्यावर घासली.

लाल झालं.

पाचही जण पुढं वाकले. एक म्हातारा "ओ" म्हणाला. मी रुमाल उचलून सगळ्यांना दाखवला, आणि मग भिंतीकडं बोट केलं. "ही, ओन्ली सोप," मी म्हणालो. "ही डोन्ट नो. यलो, माय वाईफ. फॉर रिस्पेक्ट. द लेडी, यंग, डेड. माय वाईफ गिव्ह रिस्पेक्ट." नमस्कार करून दाखवला. "नॉट पेंट. नॉट हिम."

पांढऱ्या केसांच्या बाईनं रुमालावरून बोट फिरवलं. बोट बघितलं. मग हळूहळू, एकेक शब्द सोडत मला विचारलं, तुमच्या पत्नीला बोलावता येईल का? त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

मी म्हणालो, "शी डेड. यस्टरडे."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही, मला बघवलं नसतं.

मंडळी एकमेकांत बोलायला लागली. बाई उठून माझ्याजवळ आली, हातावर हात ठेवला, पुष्कळदा सॉरी म्हणाली. मग तिनं वही मिटली. खुणेनं सांगितलं की घरी जा, हे राहू द्या, पुढं कधीतरी बघू. चांगल्या मनानं सांगत होती. पण मला उद्याचं उद्या काय असतं ते कळलं होतं.

मी खुर्ची ओढली आणि बसलो. वहीवर बोट ठेवलं. "राइट," मी म्हणालो. "टुडे."

तिनं डोकं हलवलं, गरज नाही म्हणून.

"राइट," मी म्हणालो. "युवर बुक, हिज नेम. रिमूव्ह. राइट माय वाईफ."

खिशात फोन वाजत होता. पोरगा असणार. वाजू दिला. त्या बाईनं चष्मा लावला, वही उघडली आणि माझ्या बायकोच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. ते मला येत नव्हतं. मी नाव मोठ्यानं सांगितलं, तीनदा. तिच्या बापाचं सांगितलं, मग माझं. तिनं ऐकून ऐकून लिहिलं. पाच-सहा ओळी झाल्या. वही फिरवून माझ्यापुढं ठेवली. मला वाचता आलं नाही. मी वही भिंतीकडं घेऊन गेलो. त्यालाही वाचता येत नव्हतं, पण एक ओळ त्यानं बोट ठेवून ओळखली, तिथं त्याचं स्वतःचं नाव होतं. तो ते बघत राहिला, आणि "ओ" म्हणालेला म्हातारा उठून आमच्यापाशी आला. त्यानं ती ओळ सावकाश वाचली आणि खुणेनं समजावली. हा उद्यापासून कामावर. दगडाचं काय करायचं ते पुढं ठरेल.

खाली जागा होती. मी मराठीत सही केली.

मग बाहेर येऊन पोराला फोन लावला. म्हणालो, लायब्ररीत आहे, येतोय, आणि गुरुवारच घे.